लेमेतला बर्फगाडी शिकवताना

काउतोकेइनो
फेब्रुवारी, दुसरा रविवार

लेमेत,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही. शोधत बसू नकोस.

तुझं कार्ड मिळालं. स्वतःचाच फोटो छापलेलं कार्ड पाठवणारा माणूस आपल्या घराण्यात तू पहिलाच. गाक्ती, तो आपला सणाचा अंगरखा घालून, चांदीचा पट्टा आवळून तू लांब कुठेतरी बघत उभा आहेस. इस्सातने, तुझ्या मेहुण्याने, कार्ड दोनदा फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, “तुझा भाऊ बघतोय कुठे? कळप तर त्याच्या पाठीमागे आहे.” मग त्याने चष्मा लावला. मागच्या एकाही रेनडिअरच्या कानावर कुणाच्या मालकीची खूण नाही. प्राणिसंग्रहालयात काढलास का रे फोटो?

फोन का उचलत नाही, असं विचारलंयस. फोनवर तू मधेच बोलतोस. पत्रात तुला गप्प बसावं लागतं.

तर तू एप्रिलमध्ये येणार. कळप समुद्राकडे निघेल तेव्हा बरोबर चालणार, सोबत एक कॅमेरावाला आणणार, आणि बर्फगाडीवर बसून कळपाच्या पुढे जाताना लोक तुला टीव्हीवर बघणार. ‘आपल्या लोकांचा आवाज’ असं तुला तिकडे म्हणतात, हेही लिहिलंयस. आवाज होताच तुझा, लहानपणापासून. काम करायची वेळ आली की तो पोटदुखीचा असायचा.

एकोणिसाव्या वर्षी तू ऑस्लोला गेलास, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. जाणारे जातात. पण गेलेल्या माणसाने तिथल्या सभागृहांतून, गालिच्यावर उभं राहून, वारा कुठून वाहिला की कळप कुठे वळतो यावर भाषणं द्यावीत? बाबांना माती दिली त्या दिवशी वारा कुठून होता सांग. नाही सांगता येणार. तू घड्याळात विमानाची वेळ बघत होतास.

माझ्या हातात असतं तर नाही म्हणून कळवलं असतं. पण आईने ते कार्ड कॉफीच्या किटलीवरच्या भिंतीला लावलंय. म्हणाली, “येऊ दे त्याला. पुढच्या वर्षी मला काही हा प्रवास झेपायचा नाही. या खेपेला दोघंही असाल बरोबर.”

मी म्हटलं, “तो तुझ्यासाठी नाही येत. कॅमेऱ्यासाठी येतोय.”

“कशासाठी का असेना, येतोय ना?” असं म्हणून तिने हाड फोडलं आणि त्यातली मज्जा काढून खात बसली. तिच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

ये. गाडी चालवता येते का, तेवढं खरं कळव.

रावदना

*

काउतोकेइनो
मार्च, ईस्टरच्या शर्यती संपल्या त्या संध्याकाळी

लेमेत,

“चालवायचो मी लहानपणी, हात विसरत नाही.” वा! बाबांच्या मागे बसून त्यांच्या पाठीत तोंड खुपसायचास, त्याला चालवणं म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

इस्सातची जुनी गाडी तुला मिळेल. नवी मिळणार नाही, तोंड वेंगाडू नकोस. या जुनीला तिचे स्वभाव आहेत. म्हणून आता मी जे लिहिते ते वाच, आणि भाषणाच्या कागदासारखं वरवर चाळू नकोस.

उजव्या मुठीखाली अंगठ्याने दाबायची खटकी असते. ती रेस. दाबली की गाडी पळते, सोडली की थांबायला लागते. एवढंच आहे, आणि माणसं मरतात ती एवढ्यातच. किल्ली फिरवायच्या आधी, म्हणजे आधी, नंतर नव्हे, ती खटकी दोन-चारदा दाबून सोडायची. टक्कन परत आली पाहिजे. तू सकाळी अंथरुणातून उठायचास तशी रेंगाळत आली तर समजायचं आत बर्फ गेलाय, तार गोठलीय. मग गाडी चालू करायची नाही. बर्फ झटकायचा, तार मोकळी करायची, पुन्हा बघायचं. तोवर कुणी कितीही हाका मारो, कॅमेरावाला मारो नाहीतर साक्षात राजा.

ब्रेक डाव्या हाताला. तोही दाबून बघायचा. उजव्या अंगठ्याशेजारी लाल बटण आहे, ते मारलं की इंजिन मरतं. आणि लाल पिळाची दोरी. तिचं एक टोक गाडीत बसवायचं, दुसरं स्वतःच्या अंगावर अडकवायचं. पट्ट्याला अडकव, कुठेही अडकव. तू पडलास की दोरी सुटते, दोरी सुटली की इंजिन बंद. तुझ्यावाचून गाडी पुढे जात नाही. तुझ्यावाचून थांबणारी जगात ती एकच गोष्ट आहे, तेव्हा तिचा मान ठेव.

चालू करताना गाडीवर बसलेलं असायचं. बाजूला उभं राहून, एक पाय वर टाकून, शर्यतीतल्या पोरांसारखं नाही. आज इथे मैदानात तसली बरीच ध्यानं बघितली. चालू झाली की जरा गरम होऊ द्यायची, लगेच रेस नाही द्यायची. मागे कुणी उभं असेल तर मुळीच नाही. गाडीच्या पट्ट्याखालून दगड, बर्फ, काय वाट्टेल ते उडतं.

थंडीत अंगठा बधिर होतो आणि आपण किती दाबतोय ते कळेनासं होतं. मग थांबून हात काखेत घालायचा. उतारावर अंगठा काढून ब्रेक हळू. तळ्यावर बर्फाखाली पाणी लागलं तर थांबायचं नाही, एकसारखी रेस ठेवून पार व्हायचं. थांबलास तर रुतलास.

आणि शेवटचं. घाबरलेला माणूस मूठ आवळतो. तुझं-माझं सगळ्यांचंच तसं असतं. पण इथे मूठ आवळणं म्हणजे गाडीला ‘पळ’ म्हणणं. भीती वाटली की हात उघडायचा. हे सोपं नाही. मला शिकायला दोन हिवाळे लागले, आणि मी तुझ्याइतकी घाबरट नव्हते.

इस्सात म्हणतो, “एवढं लिहितेस कशाला? तो आला की दाखवू.” मी म्हटलं, तो आला की बोलेल. बघणार कधी?

येताना आईसाठी ते मऊ मोजे आण. तिने स्वतःहून मागितले नाहीत. मीच सांगतेय.

रावदना

*

हॅमरफेस्ट, हॉस्पिटल
एप्रिल, रविवार

आईचा खुबा मोडलाय. उद्या कापणार आहेत.

मी इस्सातला कळपापाशी सोडून, गाडी मिळेल तशी इथे पोहोचले. खोलीत आई होती आणि खुर्चीवर एक हॉस्पिटलचं ब्लँकेट होतं, घडी घालून ठेवलेलं. नर्स म्हणाली, “तुमचा भाऊ दुपारच्या विमानाने गेला.”

घडी छान घालतोस.

रावदना

*

किनाऱ्यावरचा तळ
मे, पिल्लं व्हायला लागली तेव्हा

लेमेत,

आता जरा बसायला मिळालंय. तू लोकांना काय सांगशील ते मला ठाऊक आहे. वादळ सांगशील, यंत्र बिघडलं सांगशील. निसर्गापुढे माणूस किती छोटा, हे तर नक्कीच सांगशील. म्हणून जे झालं ते मी लिहिते. तुला सगळं दिसलंही नव्हतं, तुझ्या तोंडात बर्फ होता.

पहिले दोन दिवस तू बरा वागलास. हे मी लिहितेय ते खोटं बोलायचं नाही म्हणून. दोरी लावत होतास, खटकी बघत होतास, इस्सातला विचारून विचारून चालत होतास. रात्री तंबूत आईच्या पायांवर कातडं ओढून दिलंस आणि ते मोजे घातलेस तिच्या पायात. मला वाटलं, वय झालं वाटतं याचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गाक्ती चढवलीस. उणे वीस, वाऱ्याने बर्फ भुरभुरतोय, आणि तू चांदीची बटणं लावून तयार. तुझा तो व्हेगार्ड, कॅमेरावाला, म्हणाला, “आजी मागच्या घसरगाडीत बसल्या आणि लेमेतने ओढलं तर काय चित्र होईल!”

मी म्हटलं, “आई माझ्या मागे बसते. रोज बसते.”

त्यावर आई काय म्हणाली ते आठवतंय ना? “आज माझा मुलगा ओढेल मला.” आणि जाऊन बसली तुझ्या घसरगाडीत, कातड्यांमध्ये, राणीसारखी. मी काय करणार होते, म्हातारीला उचलून आणणार होते?

तळ्याच्या या काठाला व्हेगार्डने तुला थांबवलं. आवाज हवा होता त्याला, इंजिनाचा. तू उभ्या-उभ्या रेस देत राहिलास, घर्र घर्र. मग रेस दाबलेली असतानाच लाल बटण मारून गाडी बंद केलीस, ऐटीत. आणि मग मुलाखत. वाऱ्याबद्दल. वारा त्या वेळी तुझ्या त्या गरम-ओल्या खटकीत बर्फ भरत होता. तुझी पाठ होती तिकडे.

मी पुढे होते. ओरडले, “लेमेत, खटकी बघ!” तू हात केलास. हो म्हणून केलास की टाटा म्हणून, देव जाणे.

व्हेगार्ड म्हणाला, “चालू करून उडी मारून बसा, छान दिसेल.” आणि तू बाजूला उभं राहून किल्ली फिरवलीस. दोरी गाडीला लावलेली होती, तुला नव्हती. लाल दोरी गाक्तीवर लोंबत होती ती चित्रात बरी दिसत नव्हती, म्हणून तू ती सुटी करून गाडीच्या मुठीला गुंडाळून ठेवली होतीस. इस्सातने नंतर बघितलं. नीट गुंडाळली होतीस. तेवढं काम चोख.

खटकी अर्ध्यात गोठलेली होती. इंजिन जे किंचाळलं ते थेट पूर्ण ताकदीने. तुला वाटलं मूठ धरून थांबवता येईल. मूठ! तिने तुला दहा-बारा हात फरफटत नेलं आणि टाकून दिलं. आणि गाडी निघाली, रिकामी, सरळ तळ्यावर. मागे घसरगाडीत आई.

त्या तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नदी बाहेर पडते. तिथे बर्फ काळा असतो आणि एप्रिलमध्ये त्याच्यावर कुत्रंही जात नाही. हे तुला माहीत आहे. तू पाच वर्षांचा असताना बाबांनी तुला तिथे नेऊन दाखवलं होतं. मी होते तेव्हा.

मी माझी गाडी वळवली. तुझ्या गाडीच्या उजव्या अंगाने जावं लागणार होतं, कारण लाल बटण उजव्या मुठीला. माझा उजवा अंगठा माझ्या रेसवर. डावा हात तुझ्या बटणासाठी. पण माझा ब्रेक डाव्या हाताला! म्हणजे जवळ गेल्यावर मला ब्रेक नव्हता. एक गुडघा सीटवर टेकून, वाकून, दोन गाड्या अंगाला अंग घासत चाललेल्या. पहिल्यांदा हात मारला तो नुसत्या हँडलवर बसला. दुसऱ्यांदा तुझी गाडी उसळली आणि माझ्यापासून लांब गेली. पुढे बर्फ निळा व्हायला लागला होता. मला भीती वाटली, लेमेत. तुला हसायचं असेल तर हस. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि माझी मूठ आवळायला लागली. मी मोठ्याने म्हणत होते, “उघड, उघड, हात उघड.” कुणाला म्हणत होते कोण जाणे.

तिसऱ्यांदा बसला. इंजिन मेलं. गाडी घसरत घसरत थांबली तेव्हा काळं पाणी रेनडिअर पकडायच्या फासाच्या टप्प्यात होतं. फास टाकला असता तर पाण्यात पडला असता.

मी उतरून मागे धावले. घसरगाडी रिकामी.

कातडी होती. आई नव्हती.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. ते तुझ्यासाठी नाही.

मग मागे बघितलं. तळ्याच्या मधोमध पांढऱ्यावर दोन ठिपके. आई मघाशीच बाहेर पडली होती. पडली नव्हती, तिनेच सांगितलं नंतर. गाडी वेग घेतेय असं दिसल्याबरोबर ती एका कुशीवर वळली आणि स्वतःला लोटून दिलं, घरंगळू दिलं, पोत्यासारखं. ब्याऐंशीव्या वर्षी. न ओरडता. म्हणाली, “गाडीत बसून विचार करत राहिले असते तर नदीत गेले असते.”

दुसरा ठिपका तू होतास. मी पोहोचले तेव्हा तू गाक्ती काढून तिच्यावर पांघरली होतीस, टोपी तिच्या डोक्याखाली दिली होतीस, आणि नुसत्या सदऱ्यावर, गुडघे टेकून बसला होतास. ओठ निळे. तुझ्या नाकातून रक्त येत होतं ते तिच्यावर सांडू नये म्हणून तू मान वळवून धरली होतीस. व्हेगार्ड कॅमेरा घेऊन येत होता. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. इस्सातने बघितलं, तेव्हा तो मागे सरला.

एवढं मी तुला देते. यापेक्षा जास्त नाही.

हेलिकॉप्टर आलं, त्यात आईबरोबर एकालाच जागा होती, तू कुडकुडत होतास म्हणून तुला बसवलं. मला वाटलं, चला, आता तरी हा आईच्या उशाशी बसेल. आणि दुसऱ्या दिवशी तू विमान पकडलंस. आधी बाबा, आता आई. विमान कधी चुकलं नाही तुझं.

गाक्ती इथे आहे. रक्ताचा डाग निघाला नाही. तुला हवी असेल तर सांग. मला वाटत नाही तुला डाग पडलेली चालेल.

या वर्षी पिल्लं चांगली होताहेत. हे तुला सांगायची काही गरज नव्हती.

रावदना

*

काउतोकेइनो
नोव्हेंबर, सूर्य हिवाळ्यापुरता गेला त्या आठवड्यात

लेमेत,

तुझा कार्यक्रम पाहिला. आपल्याकडेच सगळे जमले होते, कारण आईला बाहेर नेणं कठीण. ती आता चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन चुलीपासून खिडकीपर्यंत जाते. खिडकीशी गेली की समुद्राकडच्या वाटेने बघत उभी राहते. पुढच्या एप्रिलची गोष्ट ती काढत नाही. आम्हीही काढत नाही.

मी तयारीत बसले होते. तू वादळाबद्दल बोललास की मी काय बोलणार ते सगळं जुळवून ठेवलं होतं. शेजारची सुन्ना म्हणाली, “तो पडल्याचा भाग काढूनच टाकला असेल बघ.” मी म्हटलं, “काढणारच. त्याजागी कोल्हा दाखवतील.”

तू काढला नाहीस. तू किल्ली फिरवलीस, गाडी सुटली, तू तोंडावर पडलास, चांदीच्या पट्ट्यासकट, आणि उठून धावायला लागलास. बुटात बर्फ, धड धावताही येत नव्हतं. पोरांसारखा ओरडत होतास, “आई, आई.” सुन्नाचे दोघं मुलगे खो खो हसले. त्यांच्या बापाने त्यांना हटकलं नाही. तोही हसत होता. मग पडद्यावर तू, एका साध्या खोलीत, साध्या सदऱ्यात. म्हणालास, “दोरी माझ्या कपड्यांवर शोभत नव्हती म्हणून मी लावली नाही. बहिणीने पत्र लिहून सगळं सांगितलं होतं. ओरडूनही सांगितलं. मी ऐकलं नाही.” बास, एवढंच. वाऱ्याबद्दल एक शब्द नाही.

खोलीत हसणं थांबलं. इस्सात उठून कॉफी टाकायला गेला.

आता तुला वाटत असेल की मी पाघळले. नाही. चुकीचं ते चुकीचं म्हटलं म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील तर मला रोज वाजवाव्या लागतील, शेतकी कचेरीतल्या माणसापासून कुत्र्यापर्यंत. माझा राग विमानावर होता आणि तो तसाच होता. सगळे गेल्यावर मी आईला तेच म्हटलं. “टीव्हीवर बोलायला हिंमत लागत नाही. हॉस्पिटलात बसायला लागते. तिथून पळाला तो.”

आई म्हणाली, “पळाला नाही. मी घालवला.”

“काय?”

“रात्रभर बसला होता माझा हात धरून. सारखं विचारत होता, रावदना कधी येईल, ती काय म्हणेल. सकाळपर्यंत त्याचा चेहरा बघवेना. मीच म्हटलं, जा बाळा. ती यायच्या आत जा. ती तुझं सालटं काढेल.”

“आणि हे तू मला आता सांगतेस?”

“तू विचारलंस कधी? तू सांगत होतीस.”

सात महिने, लेमेत. सात महिने त्या बाईने मला तुझ्यावर तोंडसुख घेऊ दिलं, समोर बसून कॉफी पीत. आणि तू! एक ओळ लिहिली असतीस, ‘आईने जा म्हटलं’ एवढी. तेही नाही. तिचं नाव पुढे करायचं नाही म्हणून माझ्या शिव्या खात बसलास. हा कसला मोठेपणा? आणि पन्नाशीला आलेला माणूस आईने जा म्हटलं की जातो? मला घाबरून? पाण्याला नाही घाबरलास, सदऱ्यावर गोठायला नाही घाबरलास, आणि मला घाबरलास?

मी चुलीतली राख उकरत बसले. आई झोपायला गेली. इस्सातने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. हे दोघं एकाच मातीचे आहेत, आणि मी एकटी शहाणी आहे.” तो म्हणाला, “ते तर आहेच,” आणि दिवा मालवला. हसत होता, अंधारात मला कळलं.

नाताळला ये. आईला तू हवा आहेस, आणि खिडकीशी उभं राहून ती कोणत्या वाटेने बघते ते मला आता नीट कळत नाही. समुद्राकडची वाट आणि विमानतळाची वाट, दोन्ही तिथूनच दिसतात. व्हेगार्डला आणू नकोस. भाषण आणू नकोस. तू येतोस म्हणून घर आवरून ठेवणार नाही, गोड काही करणार नाही. मांस शिजवीन, ते रोजच शिजतं.

आणि आईचं म्हणणं खरं आहे. मी सालटं काढणार आहे. नीट, सावकाश, समोर बसवून. पत्रातून ते धड निघत नाही.

घाबरू नकोस. ये.

रावदना